हाजिर तो वजीर, आणि गैरहाजिर?

‘हाजिर तो वजीर’ ही म्हण आपण पंगतीपासून पंचायतीपर्यंत सर्वत्र वापरतो. जो वेळेवर आला त्याला मान, जो आला नाही त्याचे पान उचलले गेले, असा तिचा सरळ व्यवहारी अर्थ. न्यायालयात मात्र या म्हणीला निराळेच वजन येते. तेथे पुकारा होतो, वादी हजर नसतो, आणि दोन ओळींच्या हुकुमाने वर्षानुवर्षे रेंगाळलेला दावा काढून टाकला जातो. साक्षीपुरावा झालेला नसतो. खरे कोणाचे आणि खोटे कोणाचे हे कोणी तपासलेले नसते. केवळ माणूस आला नाही, एवढ्यावरून त्याचे मागणे संपते. हे योग्य आहे काय? आणि असा दावा पुन्हा पटावर घेण्याची जी सोय कायद्याने ठेवली आहे, ती कोणत्या न्यायाने? या प्रश्नाचा इतिहास पाहावा, असा आमचा हेतू आहे. विषय वकिलांचा वाटला तरी तो पक्षकारांचा अधिक आहे. आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील नागरिकांना तर त्याची पाळेमुळे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या काळचा. याच घराण्यात पुढे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अपरादित्य नावाचा राजा झाला. त्याच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरील एक विस्तृत टीका आहे. ती ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते. त्याच स्मृतीवरची दुसरी प्रसिद्ध टीका म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती चालुक्यांच्या कल्याणीत झाली. ती कल्याणी कर्नाटकातली, आपले कल्याण नव्हे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना या दोन्ही टीकाकारांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. ज्या राजकुळाने आपल्या परिसरातले सर्वांत जुने आणि देखणे मंदिर उभे केले, त्याच कुळातला एक राजा वादी-प्रतिवादींच्या व्यवहाराचा विचार करीत बसला होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात ठेवीत नाही.

या स्मृतिपरंपरेत गैरहजर माणसाविषयी काय सांगितले आहे? नारदाने ‘हीन’ पक्षकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत: आपले म्हणणे बदलणारा, पुराव्याला टाळाटाळ करणारा, हजर न राहणारा, उत्तर न देणारा आणि बोलावणे आल्यावर पळून जाणारा. यात हजर न राहणारा, म्हणजे ‘नोपस्थाता’, आणि पळून जाणारा, म्हणजे ‘आहूतप्रपलायी’, हे दोघे वेगळे मोजले आहेत. न येणे आणि पळणे यांतला भेद हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनाही दिसत होता, हा याचा अर्थ.

त्याहूनही महत्त्वाची आहे ती सवलतींची यादी. आजारी, बालक, वृद्ध, संकटात सापडलेला, राजकार्यात गुंतलेला, अशांना राजाने न्यायसभेत बोलावू नये. ज्याचे लग्न तोंडावर आले आहे त्याला, पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला, गुरे चरावयास नेली असता गुराख्याला, हातातले काम अर्धे असता कारागिराला, आणि युद्धाच्या वेळी सैनिकाला वादीने अडवून धरू नये. ही यादी वाचताना असे वाटते, की कोणा अनुभवी माणसाने न्यायसभेच्या दाराशी उभे राहून लोकांची कारणे ऐकली असावीत. पेरणीचा दिवस गेला तर वर्ष जाते. न्यायाची तारीख दुसरी पडू शकते. एवढा व्यवहार त्या शास्त्रात होता. शिवाय धनाच्या वादात बोलण्यातल्या चुकीमुळे माणूस दंडाला पात्र झाला, तरी त्याचा मूळ हक्क त्यामुळे बुडत नाही, असाही नारदाचा दंडक टीकाकारांनी उचलून धरला. चुकीची शिक्षा वेगळी आणि हक्काचा निर्णय वेगळा, हे सूत्र आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

मराठी राज्यात या प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातला गेला. गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे मनसुबी उभी राहिली, म्हणजे वादी व प्रतिवादी यांच्याकडून आधी जामीन घेत. त्यांतला एक ‘हाजीर जामीन’, म्हणजे माणूस सभेपुढे उभा राहील याची हमी घेणारा. दुसरा ‘वर्तन जामीन’, म्हणजे निवाड्याप्रमाणे तो वागेल याची हमी घेणारा. त्यानंतर तकरिरी घेऊन, साक्षी पाहून निवाडा होई, आणि हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत. गैरहजिरीचा प्रश्न उद्भवल्यावर सोडवण्याऐवजी तो उद्भवूच नये अशी ही तजवीज होती. ती चालू शकली याचे कारण गाव लहान होते, जामीन ओळखीचा होता आणि सभा बहुधा जवळ भरत होती. वादी कोण, तो का आला नाही, घरी आजार आहे की मनात कपट आहे, हे पंचांना सांगावे लागत नव्हते.

इंग्रजी अमलात हे सारे बदलले. न्यायाधीश परका, भाषा परकी, कचेरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. १८५९ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दिवाणी काम चालविण्याची पहिली संहिता झाली. १८७७ व १८८२ साली ती नव्याने लिहिली गेली. आणि १९०८ साली झालेली संहिता, अनेक दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. या संहितांनी तारखेला महत्त्व दिले. वादी आला नाही तर दावा काढून टाकावा. प्रतिवादी आला नाही तर एकतर्फी ऐकून हुकूमनामा करावा. कागदावर हा नियम दोघांना सारखाच होता. प्रत्यक्षात काय झाले, हे दख्खनच्या शेतकऱ्याने पाहिले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत एकतर्फी हुकूमनाम्यांचे कारण ठळक होते. सावकार दावा लावी. कुणब्याला समन्स पोचे किंवा न पोचे. पोचले तरी दूरच्या कचेरीत जाऊन आपले कोण ऐकणार, असे म्हणून तो घरी राही. मग हुकूमनामा होई आणि जप्ती दारात येई. त्याने घेतले किती, फेडले किती, व्याज किती चढले, हे कोणी विचारलेलेच नसे. हाजिर तो वजीर झाला होता. आणि हाजिर राहणे ज्याला परवडत होते तोच हाजिर होता.

त्यावर १८७९ साली दख्खन शेतकरी साह्य कायदा करण्यात आला. त्याने न्यायाधीशावर नवी जबाबदारी टाकली. अशा दाव्यात शक्यतो प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यावी, ती न घेतल्यास कारण नोंदवावे, आणि देवघेवीचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असे त्यात होते. तडजोड घडवून आणणारे मध्यस्थ आणि गावमुनसफ यांचीही सोय होती. या कायद्याने कर्जबाजारीपणा संपला नाही, हे खरे. तथापि न आलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्या गैरहजिरीनेच खोटे ठरत नाही, ही गोष्ट एका दंग्यानंतर का होईना, सरकारी कायद्यात लिहिली गेली. आपल्या व्याख्यानमालांची परंपरा ज्या वसंत व्याख्यानमालेपासून सुरू झाली, ती न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात आरंभली तेही १८७५ हेच साल होते. लोकांना एकत्र बसवून सार्वजनिक प्रश्न समजावून सांगण्याची निकड त्या काळी किती होती, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

आता आपण आपल्या दाराशी येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना त्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक क्रमांक आणि खोली क्रमांक हाच अनेकांचा नवा पत्ता झाला.

या लोकांनी घरे, दुकाने आणि शेते मागे टाकली, हे आपण ऐकून आहोत. परंतु त्यांच्यामागे आणखी एक गोष्ट राहिली, तिची चर्चा क्वचित होते: त्यांचे कायदेशीर येणे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. १९०८ ची संहिता तिथेही हीच होती. समजा, हैदराबाद सिंधमधल्या व्यापाऱ्याने शिकारपूरच्या माणसाला रक्कम उसनी दिली होती. देणारा आज कल्याणच्या छावणीत आहे आणि घेणारा अजमेरला जाऊन राहिला आहे. दावा कोठे लावायचा? नियम असा, की प्रतिवादी राहतो तेथे किंवा व्यवहार घडला तेथे. व्यवहार घडलेले गाव परदेशात गेले. आणि दर तारखेला अजमेरला जाण्याइतके पैसे या माणसापाशी असते तर तो बराकीत राहिला नसता. तोपर्यंत पैशाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत धावतच होती. हा माणूस न्यायालयात हजर राहू शकत नव्हता, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता.

येथे कायदेमंडळाने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४८ साली विस्थापितांच्या दाव्यांसंबंधी खास कायदा झाला. प्रतिवादी पाकिस्तानात राहत नसेल, आणि दावा स्थावर मिळकतीचा नसेल, तर विस्थापित वादीने आता तो जेथे राहतो तेथील न्यायालयातही दावा लावावा, अशी मुभा त्यात होती; मुदतीतही सवलत होती. पुढे १९५१ साली विस्थापितांच्या कर्जांच्या तडजोडीचा कायदा आला. त्यासाठी न्यायाधिकरणे नेमली गेली आणि देणेकऱ्याची फेडण्याची ऐपत पाहून हुकूम करण्याची सोय झाली. तथापि या न्यायाधिकरणांचे कामही सामान्यतः दिवाणी संहितेप्रमाणेच चाले. म्हणजे दार जवळ आणून ठेवले, पण दारात वेळेवर उभे राहण्याचे कर्तव्य पक्षकाराचेच राहिले. नारदाच्या यादीतला ‘संकटात सापडलेला’ माणूस या कायद्यांनी ओळखला. मात्र ‘पळून जाणाऱ्या’ला त्यांनी आश्रय दिला नाही.

विस्थापितांचे ते कायदे त्यांच्या काळापुरते होते. रोजच्या व्यवहारात आज जो नियम लागतो, तो संहितेच्या नवव्या आदेशात आहे, आणि तो प्रत्येक पक्षकाराने एकदा नीट समजून घ्यावा. समजा, बदलापूरच्या एका गृहस्थाने जागेच्या खरेदीचा करार केला, विसार दिला. मालक खरेदीखत करून देईना, म्हणून दावा लावला. पुकाऱ्याला वादी नाही आणि प्रतिवादीही नाही, तर दावा काढून टाकता येतो. अशा वेळी वादीला दोन वाटा मोकळ्या असतात: नवा दावा लावणे, किंवा जुना दावा पुन्हा पटावर घेण्यासाठी अर्ज करणे. पहिली वाट ऐकायला सोपी, पण फसवी आहे. नव्या दाव्याला मुदतीचे बंधन आहे. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि जुना दावा चालू असतानाच ती बहुधा संपून गेलेली असते. शिवाय कोर्ट फी पुन्हा भरावी लागते.

आता दुसरी स्थिती पाहा. पुकाऱ्याला प्रतिवादी उभा आहे, त्याला मागणे मान्य नाही, आणि वादी तेवढा गैरहजर आहे. मग दावा काढून टाकलाच जातो, आणि त्याच कारणावरून नवा दावा लावण्याची वाट कायद्याने बंद होते. उरतो तो एकच उपाय: दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत त्याच न्यायालयात अर्ज करणे, न येण्याचे ‘पुरेसे कारण’ शपथेवर सांगणे, आणि न्यायालयाची खात्री पटविणे. या अर्जाची नोटीस प्रतिवादीला दिल्याखेरीज दावा पुन्हा उभा करता येत नाही. कारण पटले तर न्यायालय आपला हुकूम रद्द करते, योग्य वाटेल तो खर्च वादीवर बसवते आणि पुढची तारीख नेमते. अर्ज फेटाळला गेल्यास, दावा अपिलाला पात्र अशा प्रकारचा असेल तर, त्या नकारावर अपील चालते. तीस दिवस उलटले तर उशिराचेही कारण दाखवून माफी मागता येते. जुन्या मुदतीच्या कायद्यात ही मुभा अशा अर्जांना सरसकट नव्हती. १९६३ च्या कायद्याने ती दिली.

येथे मघाचे सूत्र पुन्हा भेटते. खर्च बसवणे ही चुकीची शिक्षा. दावा पुन्हा ऐकणे हे हक्काच्या निर्णयासाठी. दोन्ही एकाच हुकुमात येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत नाही, आणि ती नाही हेच बरे. ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविली आहे. तो विवेक कसा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली संग्रामसिंग यांच्या निवडणूक खटल्यात सांगितले. काही बैठकांना हजर नसलेल्या पक्षाला कोटा येथील निवडणूक न्यायाधिकरणाने पुढच्या कामात भागच घेऊ दिला नव्हता. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कार्यपद्धतीचा कायदा न्यायाला साहाय्य करण्यासाठी आहे. तो शिक्षेचा कायदा नव्हे आणि लोकांना पायात अडकवून पाडण्याचे साधनही नव्हे. उशिरा आलेल्याला घड्याळ मागे फिरवून मिळणार नाही; परंतु तो आला त्या टप्प्यापासून त्याला भाग घेऊ द्यावा.

१९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात प्रश्न आला तो वकिलाच्या गैरहजिरीचा. पक्षकाराने वकील दिला, फी दिली, आणि आपले काम आता योग्य हाती आहे असे समजून तो गावी राहिला. वकील आला नाही, अपील गेले. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या पीठाने ते पुन्हा उभे केले, आणि खर्चाची रक्कम गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करण्यास सांगितले. तथापि १९९३ साली, एका खाजगी कंपनीविरुद्धच्या सलील दत्त प्रकरणात, त्याच न्यायालयाने उलट बाजूही स्पष्ट केली. शहरात व्यवसाय करणारी, कायदा जाणणारी कंपनी प्रत्येक वेळी वकिलाकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. खेडूत पक्षकाराला जे माफ होते, ते जाणत्याला होईलच असे नाही.

ही उलट बाजू आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपण बहुधा ज्याचा दावा गेला त्याच्याच दुःखाचा विचार करतो. पण दुसऱ्या बाजूला प्रतिवादी नावाचा माणूस असतो. दर तारखेला रजा काढून, लोकलच्या गर्दीत उभा राहून तो कल्याणला किंवा ठाण्याला गेलेला असतो. आपल्यावरील टांगती तलवार आता गेली, असे समजून त्याने काही बेत केलेले असतात. वर्षभराने त्याच्या हातात पुन्हा नोटीस पडते. ज्याने कधी चूक केली नाही, त्याच्या वेळेची भरपाई कोण करणार? म्हणूनच तीस दिवसांची मर्यादा, म्हणूनच नोटीस, आणि म्हणूनच खर्च. दया दाखवायची ती दुसऱ्याच्या खिशातून दाखवायची नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

काही वेळा मात्र कोणाचाच दोष नसतो. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्या नगरांना सांगावा लागत नाही. उल्हास नदीने बदलापूरची वस्ती बुडवली आणि लोहमार्ग बंद पडला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली, आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. अशा दिवशी तारखेला निघालेला माणूस का पोचला नाही, हे समजण्यास कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. २०२० च्या साथीत तर सारा देशच गैरहजर झाला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला अडवू नये असे सांगणाऱ्या जुन्या वचनाचेच हे मोठ्या प्रमाणावरचे रूप म्हणता येईल.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी प्रत्येक काळात समाजाने दार किलकिले ठेवले. कधी स्मृतीतल्या यादीने, कधी हाजीर जामिनाने, कधी दंग्यानंतर, कधी फाळणीनंतर. परंतु ते दार आपोआप उघडत नाही. दावा गेल्याचे कळताच त्याच आठवड्यात हुकुमाची नक्कल काढावी. आजाराचा दाखला, गाडी रद्द झाल्याचा पुरावा, बदललेल्या पत्त्याचा कागद, जे असेल ते जपून ठेवावे. वकिलाला विचारण्यास संकोच करू नये, आणि पत्ता बदलला की तो न्यायालयाला कळवावा. खोटे कारण सांगू नये. कारण एका खोट्या दाखल्याने पुढच्या दहा खऱ्या आजाऱ्यांवर संशय येतो. शेजारच्या घरी एखादी वृद्धा समन्स हातात घेऊन गोंधळून बसली असेल, तर तिला ते वाचून दाखवावे आणि तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर जावे. हाजीर जामिनाची पद्धत गेली; पण तिच्यामागची शेजारधर्माची गरज आपल्या नगरांत आजही आहे, आणि ती भागविण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.